मिशी मंजूर होईपर्यंत

नाशिकच्या हॉस्पिटलात बाबांच्या शेजारच्या खाटेवर चांदवडकडचे एक काका होते. गळ्यावरच्या गाठीच्या ऑपरेशनसाठी न्हाव्यानं त्यांची दाढीमिशी काढली, आणि चेहरा कार्डावरच्या मिशीवाल्या फोटोशी जुळेना म्हणून सरकारी योजनेची मंजुरी अडकली. भिंतीवरच्या रुग्णहक्कांच्या फलकावर तक्रारीची सोय होती, पण तक्रारीलाही चेहरा जुळावा लागे. मग काका मिशी वाढवत बसले. रोज सकाळी ओठावर खोबरेल चोळून आरशात बघायचे.

“गाठ वाढतेय का हो?” मी एकदा विचारलं.

“वाढती. पण मिशी पुढं हाय.”

शेवटी मिशी आली, मंजुरीही आली; फक्त पैसे मिळायला ऑपरेशननंतरचा फोटोही कार्डाशी जुळायला हवा, अशी अट होती. त्याच दुपारी न्हावी पुन्हा वस्तरा घेऊन आला. काकांनी मिशीवर हात ठेवला.

“ऑपरेशन झाल्यावरचा फोटो आधी काढून घ्या,” ते शांतपणे म्हणाले, “मग वस्तरा लावा.”