पळसाच्या फुलांचं गाठोडं

माजघरातल्या खुंटीवर एक गाठोडं टांगलेलं असायचं, आईच्या विटक्या लुगड्याचं, आणि त्याला वास यायचा उन्हाचा, धुळीचा, किंचित मधाचा... आत पळसाची वाळलेली फुलं. निजामाचा अंमल होता. भूम गावाकडच्या आमच्या खेड्यात रंगाची पुडी कुठली यायला! फाल्गुन लागला की आम्ही दोघी बहिणी त्या निष्पर्ण केशरी झाडांखाली परकराचे ओचे भरायचो, घराच्या मातीच्या धाब्यावर फुलं वाळवायचो आणि रंगपंचमीची वाट बघायचो.

शाळेतले उर्दूचे मास्तर या फुलांना टेसू म्हणत. आमची आत्या म्हणायची पळस, आणि पळसाचं सगळं शास्त्र तिच्या हातात होतं. लोखंडी कढईत रंग काळवंडतो, कल्हईच्या पातेल्यात पिवळाधमक उतरतो, आणि चिमूटभर चुना पडला की डोळ्यांदेखत केशरी होतो. ते बघायला मी चुलीपाशी अशी चिकटायचे, की धुरानं डोळे चुरचुरले तरी हलायचे नाही.

एका वर्षी, रंगपंचमीच्या आदल्याच दिवशी, दादांची – माझ्या वडिलांची – लघवी तुंबली. सकाळपासून थेंब नाही. एवढा धिप्पाड माणूस बाजेवर पोट धरून कण्हत होता, दवाखाना बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर, आणि आईच्या तोंडचं पाणी पळालेलं. आत्यानं खुंटीवरचं गाठोडं काढलं. धाकटी भोकाड पसरणार, तेवढ्यात मीच तिच्या तोंडावर हात ठेवला. रंग गेला खड्ड्यात, मला माझे दादा हवे होते.

उकळलेल्या फुलांचा चोथा, सोसवेल इतका गरम, आत्या फडक्यात बांधून द्यायची आणि आई तो दादांच्या ओटीपोटावर धरायची. एक निवला की दुसरा. दिवस कलताना दादा भिंतीला धरून परसात गेले, आणि बऱ्याच वेळानं परतले ते घामानं निथळत, हसत. आई देवापुढं बसून रडली. काय गुण त्या फुलांचा! ज्यात रंग, त्यातच औषध... आजही अंगावर काटा येतो.

पातेल्यातलं फुलांचं पाणी मात्र आत्यानं सांडू दिलं नाही. चुना टाकून झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी, रंगाच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे दादा स्वतःहून अंगणात येऊन बसले.

"टाका पोरींनो," ते म्हणाले. "हे पाणी माझ्याच औषधाचं हाय."

त्यांच्या पांढऱ्या बंडीवरून केशरी ओघळ उतरले, आणि आत्या दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत राहिली.

दादा गेले, आत्या गेली. धाब्याच्या जागी सिमेंटचं घर आलं. त्यात खुंटी नाही. तरी दर फाल्गुनात मी फुलं वाळवते, गाठोडं बांधते आणि दारामागच्या खिळ्याला टांगते. रंग खेळायला आता कुणी मागत नाही. सुना हसतात, हसू देत. कुणाच्या तरी दादांसाठी घरात फुलं असावीत.