आधी काढ, मग बोल

बाबाजान नालबंदाकडं कुणी बैल घेऊन आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "आधी काढ, मग बोल." काय काढू? तर बैलाच्या अंगावरचं सगळं. घुंगरमाळ काढ, गोंडे काढ, पायातला काळा दोरा काढ. नटवलेल्या बैलाची खोट दिसत नाही म्हणायचा. लोक मागं त्याची टर उडवायचे, पण समोर मुकाट काढायचे. जामखेडच्या अंगाला चार गावांत बैलांना पत्री मारणारा, म्हणजे खुराला लोखंडी नाल ठोकणारा, तेवढा एकच माणूस. करता काय!

घरातही त्याचं तेच. शरिफा, त्याची बायको, जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ज्यानं त्यानं सल्ला दिला. दुसरा निकाह कर, शेळी पाळ, रेडिओ घे, करमेल. ह्या बहाद्दरानं उलट एकेक वस्तू घराबाहेर काढली. दुसरी बाज दिली, मोठं पातेलं दिलं, शरिफाचा आरसासुद्धा देऊन टाकला. "दिसलं की आठवतं," म्हणायचा. कसलं काय! घर रिकामं झालं तशी ती जास्तच दिसायला लागली. म्हणून तो बाजारच्या दिवसाची वाट बघायचा. त्या दिवशी बाजारातल्या चिंचेखाली त्याच्याकडं बैल यायचे, बैलांमागं माणसं यायची आणि चार शब्द बोलायची. आठवड्यात तेवढंच.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर एकदा गावातला शेतकरी सहादेव आला, तोही बाजार नसताना, थेट घरी. त्याचा बैल पुढच्या उजव्या पायानं लंगडत होता. पंधरा दिवस झाले होते, हरभऱ्याची पेरणी खोळंबली होती. सहादेवच्या बायकोनं, चांगुणानं, दृष्ट काढून पाहिली. एकानं हळद-तेल बांधायला लावलं, दुसऱ्यानं वर बिब्बा घातला, तिसऱ्यानं लिंबाचा पाला ठेचून थापला. पायाचं नुसतं गाठोडं झालं होतं.

"आता डाग द्यायचं म्हनत्यात बाबाभाई. तापल्या सळईनं. त्याआधी म्हनलं तुला दावावं."

"आधी काढ, मग बोल."

गाठोडं सोडलं. पाय धुतला. दोघांनी बैल पाडला, पाय बांधले, आणि सहादेव शिंगं धरून डोक्यापाशी बसला. बाबाजाननं पत्री उचकटायला घेतली. दोन खिळे कोरडे निघाले. तिसरा ओला निघाला. टोकाला पू आणि रक्त. खिळा नखात बसायचा तो आत जित्या मांसात गेला होता. बैलानं मोठा सुस्कारा टाकला.

ती पत्री बाबाजाननंच मारली होती, तीन आठवड्यांपूर्वी. वर्षभर त्याला एका खिळ्याची दोन टोकं दिसत होती. अंदाजानं ठोकत होता हा माणूस. अंदाजानं! कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर चिंचेखाली येणार कोण?

त्यानं खिळ्यावर मूठ मिटली.

"काय हुतं?" सहादेवनं तिकडूनच विचारलं. "काटाच असंल. वड्याच्या वाटंनं न्हेल्ता चांगुनानं, तिथं लई बाभळी हायत."

नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सहादेवनं तर शब्द आयता हातात दिला होता. पुढच्या बाजारी बैल आले असते, माणसं आली असती, तंबाखू मळता मळता बोलली असती. पण पुढचा खिळाही कुणाच्या तरी बैलाच्या मांसात जाईल, हे त्याला आता दिसत होतं. तेवढं मात्र स्वच्छ दिसत होतं.

त्यानं मूठ उघडून हात पुढं केला.

"काटा न्हाई सहादेवा. खिळा हाय. माझाच हाय. मला दिसत न्हाई, वरीस झालं."

सहादेव भडकला. "आन मी पंधरा दिस माज्या बायकूच्या नावानं शिमगा करतुया, तिनं बैल काट्यात घातला म्हनून!" बैल उठवून तो निघून गेला. जातो म्हणालासुद्धा नाही.

बाबाजाननं हातोडी, पक्कड, खूर तासायची रापी सगळं पलीकडच्या गावच्या लोहाराला देऊन टाकलं. बाजारच्या दिवशी रिकाम्या हातानं चिंचेखाली बसला. तिघं बैल घेऊन आले. "मला दिसत न्हाई," एवढंच तो म्हणाला. तिघं परत गेले. पुढच्या बाजारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तरी तो येऊन बसायचा. जाणार कुठं? घरी काढण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

चौथ्या बाजारी सहादेव आला. एकटाच.

"बैल कुठाय?"

"बरा झाला. हरभरा पेरला."

"मग आज काय आनलंस?"

"काई न्हाई. सरक जरा."

बाबाजान सरकला. सहादेव शेजारी टेकला, चंची सोडली, तंबाखू मळून अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"समदं काढून झालं न्हवं तुजं? मग आता बोल की."

बाबाजाननं तंबाखू दाढेखाली धरली.

"शरिफा असती तर घरी चल म्हनलं असतं. च्या केला असता तिनं."

तीन वर्षांत तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच काढलं.