मधल्याला न जुमानणारे दाजी

कुणी 'नाही' म्हटलं आणि आमच्या दाजींनी ते निमूट ऐकून घेतलं, असं अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात अजून घडलेलं नाही. जळकोटच्या एका लग्नात वाढप्यानं बुंदी संपल्याचं सांगितलं, तर थोरल्या बहिणीचा हा नवरा पानावरून उठला आणि आचाऱ्यालाच दंडाला धरून पंगतीत घेऊन आला. मागोमाग बुंदीचं भरलेलं घमेलं. "नकार आचाऱ्याचा न्हाय, वाढप्याचा हाय," हे त्यांचं वाक्य म्हणे कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत ऐकू गेलं.

दाजी धाराशिवच्या एका कॉलेजात संगणक सांभाळायचे. मी तिथंच कारकून. परीक्षेचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पोर्टल रुसलं. आधी आत शिरलेली पोरं खुशाल अर्ज भरत होती, नव्यानं येणाऱ्याला मात्र 'पासवर्ड चुकीचा'. आमच्या पोर्टलला येतंच ते एक वाक्य. गावावर वीज कोसळली तरी ते तेच म्हणेल. सास्तूरहून एसटीनं आलेल्या पोरी 'आमचा पासवर्ड बरोबर हाय' म्हणत व्हरांड्यात रडकुंडीला आल्या. प्राचार्यांनी फर्मान काढलं, सगळी खाती पुसा, नवी काढा. म्हणजे अर्धे भरलेले अर्जही मातीत. दाजींनी सर्व्हरच्या खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकली.

"पोरी खोटं बोलत न्हाईत, सर. खाती पुसायची तर आधी मला पुसा."

मांडीवरच्या लॅपटॉपवरून ते थेट डेटाबेसमध्ये शिरले, दार उघडं. पूलरमार्फत शिरू गेले, दार बंद. हा पूलर म्हणजे पोर्टल आणि डेटाबेस यांच्या मधला वाढपीच. डेटाबेसशी मोजक्या जोडण्या धरून ठेवायच्या आणि येईल त्याला त्यातूनच वाढायचं. त्याच्या जुन्या जोडण्या चालू होत्या. नवी मागितली की डेटाबेस हाकलत होता. कारण डेटाबेसचा पासवर्ड सकाळी बदलला होता आणि पूलरला कुणी कळवलंच नव्हतं. बदलला कुणी, असं प्राचार्यांनी कडाडून विचारलं.

"म्याच," दाजी म्हणाले, बक्षीस घ्यायला उभं राहावं तसे.

मग पूलरला नवा पासवर्ड देऊन ते व्हरांड्यात गेले. "पोरींनो, तुमचं बरोबर व्हतं. चूक माझी."

अर्ज सगळ्यांचे वेळेत भरून झाले. पुढं दाजींकडं माफीनामा मागितला गेला. चुकीबद्दल त्यांनी लगेच लिहून दिला. उंबऱ्यात खुर्ची टाकल्याबद्दल मात्र एक ओळ लिहिली नाही. नोकरी गेली, ते बहिणीला घेऊन हैदराबादला गेले.

आता नवं पोर्टल आलंय, देखणं आहे. ते 'पासवर्ड चुकीचा' म्हणालं की पोरं मान खाली घालून नवा मागतात, मी गुमान देतो. कधी एखादी पोर पुटपुटते की माझा बरोबर होता हो. मला ते पटतं. पण दाजींइतकं मोठ्यानं बोलायला मला अजून जमलेलं नाही.