घोडीचा मनोरा

माझ्या साळ्याएवढा अडेल माणूस आख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसन, आणि असलाच तर तो निदान जमिनीवर राहत असन. आमचा हा कायम वर. शिडी दिसली की याचे पाय खाजवतात. कारंजाच्या बाजारात कापसाच्या गंजीवर चढला आणि तिथूनच व्यापाऱ्याशी भाव करू लागला. कामरगावात पाण्याच्या टाकीवर चढून कोणाच्या घराचं कवेलू फुटलं ते साऱ्या गावाले ओरडून सांगितलं. माझ्या पोराच्या लग्नात मामानं नवरदेवामागं उभं राहायचं, तर हा मांडवाच्या बल्लीवर. झालर सुटली म्हणे. भटजी मंगलाष्टकं थांबवून म्हणाले, "अक्षता टाकायच्या कोणावर, ते आधी ठरवा."

साठी आली तरी याले खाली उतरवणारं माणूस एकच, त्याची मोठी बहीण, हा तिले बाई म्हणे, म्हणजे माझी बायको. ती कमरेवर हात ठेवून खाली उभी राहायची आणि सूर लांबवून एकच हाक द्यायची, "बापूऽऽ, उतर. भाकर थंडी होऊन राह्यली!" की हा बकरीसारखा मुकाट खाली.

धनजच्या बाजूले रानात एक जुना मनोरा आहे. कोण्या जमीनदारानं मेलेल्या बायकोच्या आठवणीत बांधला, असं साळा म्हणे. मी म्हणे, घोडीच्या. बायकोसाठी एवढ्या विटा कोण लावते? दर दिवाळीले आमची यावरून जुंपायची. बायको आतून म्हणायची, "घोडीचाच असन. घोडी उलटून बोलत नाही."

तिची तेरवी झाली, पाहुणे गेले, पोरगा-सूनही आपल्या नोकरीच्या गावी गेले, आणि दुसऱ्या सकाळी हा दारात.

"भाऊजी, चाला. मनोऱ्यावर."

"काहून?"

"चाला म्हटलं ना."

मले वाटलं, नारळगिरळ फोडन. तर हा थेट आत. वरच्या पायऱ्या तुटलेल्या, तरी चढला आणि पडक्या कठड्यावर उभा राह्यला. त्याच्या पायाखालची एक वीट निसटली, माझ्यापुढं येऊन फुटली.

"उतर बे! मरशीन!"

"बाईची बैलगाडी मी इथूनच पाह्यली होती, लगनाच्या दिवशी. इथून आमचं गाव दिसते, तुमचंही दिसते. ती कुठंतरी दिसनच."

"काय दिसन? तूच सावडली ना राख!"

माझी जीभ अशी. तो आणखी पुढं सरकला. मी शिव्या दिल्या, हात जोडले. खाली पाहीच ना. दुसरी वीट हलू लागली. मग कसं कोण जाणे, माझा हात कमरेवर गेला आणि घशातून तिचीच हाक निघाली, तसाच सूर लांबवून, "बापूऽऽ, उतर. भाकर थंडी होऊन राह्यली!"

तो दचकला. खाली पाह्यलं. मग भिंतीले पोट घासत, पायानं एकेक पायरी चाचपत उतरू लागला. तो दिसेनासा झाला, तेव्हा मी नुसता कान देऊन उभा. आला बाहेर एकदाचा, अंगभर चुना.

"कुठं हाय भाकर?"

भाकर कुठली? घरी चूल पेटवणारं कोण होतं? मी पाण्याची बाटली पुढं केली. दोघंही मनोऱ्याच्या सावलीत बसलो. तो हमसून रडला. मी फुटक्या विटेचे तुकडे उचलून पायथ्याशी लावत बसलो.

निघताना मी म्हटलं, "बापू, हा मनोरा बायकोचाच असन रे."

"नाही भाऊजी," तो नाक पुसत म्हणाला. "बाई म्हणे, घोडीचा. आता तिचं कायले खोटं पाडता?"