हौसाक्काचे दोन कोंबडे

हौसाक्का सकाळी खुराड्याचं दार कधीच पुरतं उघडायची नाही. एकच कोंबडी बाहेर पडेल एवढी फट ठेवायची आणि निघणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवरून तळवा फिरवायची. पन्हाळ्याच्या पायथ्याचं ते गाव पावसाळाभर धुक्यात बुडालेलं असे. खोलीच्या दारातून मला तिचा हात तेवढा दिसायचा, त्याखालून निसटलेली कोंबडी दोन पावलांवर पांढऱ्यात विरून जायची.

तालुक्याच्या कचेरीत नेमणूक झाली म्हणून मी तिच्याकडे भाड्याने राहायला आले होते. हे काय चाललंय, म्हणून विचारलं.

"पाठ बघतोय, पावणं. कोंबडं जास्त झालं की कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं जात्यात. आठ-धा जणींत एकच बास. दुसरा आणला की त्यांची मारामारी, आन् रगत निघतंय हिच्या पाठीतनं."

हौसाक्काचा नवरा वारला होता; घरात तिच्यासोबत धोंडाबाई असायची. "ही माझी धाकटी," अशी हौसाक्काने ओळख करून दिली होती. मी धाकटी बहीणच समजून चालले. दोघी एका ताटात भाकरी खायच्या, दुपारी सोप्यात एकमेकींकडे पाठ करून झोपायच्या आणि झोपेतही बोलत असल्यासारख्या वाटायच्या.

त्या वर्षी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली. दिवस भरले, वर आणखी दिवस गेले, पण एक पिल्लू निघालं नाही. दुसऱ्या कोंबडीखाली नवी अंडी ठेवली, तरी तेच. शेजारचा बापू येऊन उकिडवा बसला.

"कोंबडीच खोटी हाय, आक्का. ऊबच दिली न्हाय तिनं. द्या की कापून."

हौसाक्काने एक अंडं दगडावर फोडलं. आत निव्वळ पिवळा बलक, जीव धरल्याची खूण नाही.

"बघ की. ह्यात जीव धरलाच न्हवता. ऊब काय करंल? कोंबडा म्हातारा झालाय."

"मग त्येचाच तांबडा रस्सा करूया."

"तुला रश्श्याबिगर दुसरं सुचतंय का रं?" ती म्हणाली. बापू हसत उठून गेला. ती मात्र त्या अंड्याकडे बघत बसून राहिली.

दुपारी भाकरी थापता थापता ती आपणहून बोलू लागली. लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. सासू येता-जाता वांझ म्हणायची. मग नवऱ्याने धोंडाला आणली. धोंडाबाई तिची सवत होती, हे मला तेव्हा कळलं.

"ही आली तवा पोर हुती निस्ती. उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन रडाय लागली. मीच ओवाळून घरात घेतली. मग हिलाबी मूल न्हाय. तवा कळलं, खोट कुणात हुती." भाकरी तव्यावर टाकून ती हसली. "पर त्येला न्हाय कुणी वांझ म्हटलं."

चुलीपाशी धोंडाबाई लाकडं सारत होती. "म्हणाय पायजे हुतं की," ती म्हणाली. दोघी इतक्या हसल्या की भाकरी करपली.

बाजारच्या दिवशी हौसाक्काने तरणा, तुरेबाज कोंबडा आणला. म्हाताऱ्याला तिने कापू दिलं नाही. घरामागच्या परड्याच्या कोपऱ्यात त्याला कुडाचा वेगळा आडोसा करून दिला आणि अंडी द्यायच्या थांबलेल्या दोन कोंबड्या त्याच्याबरोबर ठेवल्या. "कळपात एकच. ह्यो आता पेन्शनीत," ती म्हणायची. पहाटे नवा आरवला की कुडामागून म्हातारा घोगऱ्या आवाजात उत्तर द्यायचा. मला अर्धवट झोपेत वाटायचं, एकच आवाज गडावर आपटून म्हातारा होऊन परत येतोय. पुढच्या खेपेला पिल्लं निघाली. हौसाक्काने बापूला मुद्दाम हाक मारून ती दाखवली.

माझी बदली कोल्हापूरला झाली. शाहूपुरीतल्या नव्या घरात कोंबडा ऐकू येत नसे. जाग यायची आणि कशाने आली ते कळायचं नाही. हौसाक्का गेल्याचा फोन बापूने केला. मी गेले तेव्हा धोंडाबाई सोप्यात बसली होती. दारातून धुकं आत आलं होतं, तिने दार लावलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले.

"शेवटाला लई बोलली माझ्यासंगं," ती म्हणाली. "हात धरला आन् म्हणती, धोंडे, तू उंबऱ्यात उभी हुतीस तवा ओवाळता ओवाळता मी देवाला म्हटलं, ही मरू दे. देवानं ऐकलं न्हाय, लई बरं झालं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

धोंडाबाईने पदराने नाक पुसलं.

"म्हटलं, आगं, मी बी तवा तेच मागत हुतो. तू मरावीस म्हून. तर डोळं झाकूनच हसाय लागली. म्हणती, आदी सांगायचं न्हाईस व्हय, रांडं."