निळ्या आठवड्यातला लाल

रंगमास्तर म्हणजे काय, तर लाल रंगाच्या तीस छटा नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस. गिऱ्हाइकानं बोटभर चिंधी द्यायची आणि यानं तोच रंग अख्ख्या ताग्यावर उतरवून द्यायचा. बत्तीस वर्षं मास्तरांनी हेच केलं. आणि हाच माणूस सकाळी संडासात तांबडं पाणी बघायचा आणि म्हणायचा, "रंगच असणार!"

आता यात सगळंच त्यांचं चुकलं असंही नाही. हातांच्या रेषांत रंग, नखांत रंग, आंघोळीचं पाणी गुलाबी, उशीचा अभ्रा गुलाबी. गिरणीच्या रंगखात्यात सगळ्यांचं असंच. बायको होती तेव्हा कुरकुरायची, "अहो, तुमच्या घामालाही रंग येतो!" तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता अभ्र्याकडे बघून नाक मुरडायलाही घरात कोणी नव्हतं.

चार महिने असे गेले. पँट ढिली झाली, तर पट्ट्याला नवं भोक पाडलं. दोन जिने चढून आलं की खुर्चीत धापा टाकत बसायचं, दिवा लावायचाही कंटाळा. मुलगी दुसऱ्या शहरात. दर रविवारी अकराला तिचा फोन. "बाबा, बरं आहे ना?" "उत्तम!" दोन मिनिटांत बोलणं आटोपायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे. अहो, पण मूठ झाकायची कोणापासून? पोटच्या पोरीपासून?

मग खात्यात गणवेशाच्या कापडाचं मोठं काम आलं. आठवडाभर झाडून सगळ्या टाक्यांत निळा. मास्तर कोपरापर्यंत निळे, नखं निळी, आंघोळीचं पाणी निळं. आणि गुरुवारी सकाळी संडासात लाल.

मास्तर बघतच राहिले. आता रंगावर ढकलायला जागा उरली नव्हती. त्यात ती छटा ओळखणारी नजर, तिला गप्प बसवता येईना. सुरुवातीचा लाल लख्ख होता, हा काळपट, आणि शौचात मिसळलेला. मास्तर भ्याले, चांगलेच भ्याले. कोणाला तरी हाक मारावी असं वाटलं, पण घरात चिटपाखरू नव्हतं.

त्याच सकाळी मास्तर दवाखान्यात निळे हात खिशात घालून बसले. डॉक्टरीणबाई वयानं मुलीएवढ्या. "काय होतंय काका?" यांनी हात काढून टेबलावर ठेवले आणि सगळी हकीकत सांगितली, छटांसकट.

बाई हसल्या नाहीत. "इतकं नीट कोणी सांगत नाही मला. काका, लख्ख लाल रक्त पुष्कळदा मूळव्याधीचं असतं, पण तेही तपासल्याशिवाय आपलं आपण ठरवायचं नसतं. तुमचं काळपट, मिसळलेलं, त्यात वजन उतरलंय, धाप लागतेय. हे अंगावर काढायचं दुखणं नव्हे. आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करू. आणि मधेच डांबरासारखं काळं झालं, फार रक्त गेलं किंवा चक्कर आली, तर तारखेची वाट बघायची नाही. तडक इस्पितळ गाठायचं."

"कॅन्सर असेल?"

"बघितल्याशिवाय मी होही म्हणणार नाही आणि नाहीही. मंगळवारी या. भूल देणार, तेव्हा सोबत कोणीतरी हवंच, एकट्याला घरी सोडत नाहीत. कोण येईल?"

बाईंनी कागद दिला, त्यावर सोबत येणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. तो तसाच कोरा घेऊन मास्तर घरी आले. कागद मांडीवर ठेवला. मग फोन लावला.

"बाबा?" मुलगी दचकली. "आज तर गुरुवार. चुकून लागला का?"

"नाही. मीच लावला." ते म्हणाले, "बरं नाही गं मला." आणि सगळं सांगून टाकलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"चार महिने."

तिचा रडवेला आवाज आला, "म्हणजे सोळा रविवार, बाबा. सोळा रविवार तुम्ही मला उत्तम म्हणालात."

मास्तरांच्या मांडीवरच्या कागदावर टपटप पाणी पडलं.

"ये तू," ते म्हणाले. "रकाना कोरा आहे."