धोत्र्याच्या वाट्याचं पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या लातूरच्या घरात कुठलंच पाणी वाया जात नव्हतं. डाळ धुतलेलं पाणी भांड्यांना, आंघोळीचं पाणी घमेल्यात धरून कपड्यांना, आणि कपड्यांचं साबणाचं पाणी संडासात. हा सगळा कारभार आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. रांजणावर त्यांचं इतकं बारीक लक्ष असायचं की पाणी प्यायला गेलं तरी चोरी करायला गेल्यासारखं वाटायचं.

फक्त एका वापरलेल्या पाण्यावर त्यांचा हुकूम चालत नव्हता, ते पूजेनंतर उरलेलं. आम्ही लिंगायत. मामंजी, माझे सासरे, रोज सकाळी आंघोळ करून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे आणि तांब्यातल्या पाण्याची बारीक धार त्यावर धरायचे. खाली ताम्हणात जमलेल्या पाण्यातलं थोडं तीर्थ म्हणून घ्यायचं, बाकीचं कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून झाडाच्या बुडाशी ओतायचं. त्या पाण्यात भांडी घासायचा विचारसुद्धा कुणी केला नसता. परसात जुना बेल होता, ते त्याला मिळायचं. मला मात्र त्या पाण्यात माझ्या झाडाची सोय दिसली.

माझं माहेर नांदेडचं. वडील रेल्वेत, त्यामुळे आमचं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं. त्या क्वार्टरच्या मोरीजवळ आईनं एक झाड वाढवलं होतं. पिवळसर पांढरी, वीतभर लांब फुलं खाली तोंड करून लोंबायची आणि दिवेलागणीला असा वास सुटायचा की शेजारणी निमित्त काढून यायच्या. आई त्याला घंटीचा धोत्रा म्हणायची. ब्रुगमान्सिया हे त्याचं भारदस्त नाव मला खूप उशिरा कळलं, आणि कळल्यावरही तोंडात बसलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी गेले आणि परत निघताना त्या झाडाच्या काड्या मागितल्या. आईनं स्वतः कापून दिल्या. "बुडाजवळची काडी नको घेऊ," ती म्हणाली, "ती नुस्ती उंच होऊन राहते. वरती जिथं फांदीला फाटा फुटतो ना, त्याच्या वरची घे. ती लवकर फुलते. आन् पान-फूल कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नको, धोत्राच हाय शेवटी." ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तीन काड्या मांडीवर घेऊन मी एसटीनं लातूरला आले.

आत्याबाईंनी गोणपाट उघडून पाहिलं. "माहेराहून काटक्या आणल्यास? सरपण हाय की आपल्याकडं."

मी म्हटलं, काटक्या नाहीत, झाड आहे, लावायचंय. त्या हसल्या नाहीत. "माणसाला पाणी न्हाई आन् तुझ्या झाडाला कुठलं?"

खरंच नव्हतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवर 'जि.' समोरचं जुनं नाव खोडून तिथं लातूर आलं होतं, नव्या कचेऱ्या उघडत होत्या, बदलून आलेले कारकून बायकापोरांसह भाड्याच्या खोल्या शोधत हिंडत होते. आमचे हेही त्याच कचेऱ्यांपैकी एकीत, दिवसभर कपाटं इकडून तिकडे हलवून घामाघूम होऊन यायचे. गावात माणसं वाढली, पाट्या वाढल्या. पाणी तेवढं वाढलं नाही, उलट पाऊस गेला आणि विहिरीचा तळ दिसायला लागला. गल्लीत टँकर येईल तेव्हा येईल.

तरी मी काड्या डालड्याच्या डब्यांत लावल्या आणि न्हाणीच्या भिंतीच्या सावलीत ठेवल्या. धोत्रा महादेवाला प्रिय, मग पूजेचं पाणी बेलाऐवजी धोत्र्याला घातलं तर काय बिघडलं, असं मामंजींसमोर हळूच बोलून पाहिलं. बेलाची मुळं खोल गेलेली, तो काही मरत नाही, हेही जोडून दिलं. मामंजी कमी बोलायचे. त्यांनी मान हलवली. आत्याबाईंनाही महादेवाच्या नावापुढे काही बोलता येईना. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

एक काडी कुजली, एक वाळली. तिसरीला डोळा फुटला.

पण दुष्काळ म्हणून आत्याबाईंनी पूजेलाही माप लावलं होतं. त्या, मी आणि हे, आम्ही लिंगाला नुसतं ओलं बोट लावून भस्म लावायचं. धार धरायची ती एकट्या मामंजींनी, आणि तीही अर्ध्या तांब्याची. अर्ध्या तांब्यात झाडाचं काय होणार? रोज सकाळी तो तांब्या भरून पाटाशी ठेवायचं काम माझ्याकडे होतं. आधी मी तो अर्ध्याच्या जरासा वर भरला. मग गळ्यापर्यंत. झाडाला पानं फुटत गेली तसा माझा हात सैल होत गेला. शेवटी मी माझ्या रुखवतातला मोठा तांब्या काढला. जुना काळा पडलाय, देवाला हा बरा दिसेल, असं सांगितलं. काळा पडलेला तांब्या चिंचेनं घासता येतो हे काय मला माहीत नव्हतं?

रांजण लवकर तळाला जायला लागला तसं आत्याबाईंच्या लक्षात आलंच. पण त्यांना वाटलं मामंजीच जास्त भरायला सांगतात. एकदा पूजा चालू असतानाच त्या म्हणाल्या, "देव काय न्हाणीत बसलाय का? किती धार धरायची ती."

मामंजींनी डोळे उघडले नाहीत. मी चुलीपाशी बसून भाकरी थापत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भाकरी उलटली.

मग आत्याबाईंनी हिशेब जुळवला. पूजेला जास्त लागतं ना, मग आंघोळीतून कमी करा. मामंजींची बादली अर्धी झाली, अर्ध्याची पाव झाली, आणि फाल्गुन लागेपर्यंत ते ओल्या पंच्यानं अंग पुसून पूजेला बसू लागले. तक्रार नाही, काही नाही.

मामंजींचं मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, धान्याचं छोटं दुकान होतं. त्या वर्षी माल थोडा, त्यामुळे हमालही थोडे, म्हणून तुरीच्या चाळणीला ते स्वतः उभे राहायचे. तुरीचा भुसा ज्याच्या अंगावर पडलाय त्यालाच त्याची खाज माहीत. संध्याकाळी घरी आले की सदरा काढून ते दाराच्या चौकटीला पाठ घासायचे, म्हैस खांबाला घासते तशी. आधी मला हसू यायचं. मग एकदा जवळून पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत लाल पुरळ, आणि मध्ये मध्ये खाजवून रक्त आलेलं. आत्याबाई खोबरेल लावून द्यायच्या आणि वर पुटपुटायच्या, "आन् ओता देवाला तांब्या तांब्या."

मला फार वाईट वाटायचं. खोटं कशाला सांगू, वाईट वाटायचं आणि सकाळी तांब्या पुन्हा काठोकाठ भरला जायचा. कारण झाडाला आता फाटा फुटला होता आणि त्या फाट्यात हिरवी कळी धरली होती. मी स्वतःला सांगितलं, कळी जरा लांब होईपर्यंत. लांब झाल्यावर म्हटलं, खाली वाकेपर्यंत. पाणी तुटलं तर धोत्रा आधी कळीच टाकतो, हे मी आईच्या झाडावर पाहिलं होतं. माणसाची पाठ तेलानं बरी होते, गळालेली कळी परत लागत नाही, असले विचार तेव्हा माझ्या डोक्यात यायचे. आज लिहितानाही लाज वाटते.

एके सकाळी मात्र पाटावर बसताना मामंजी कण्हले. फार मोठ्यानं नाही, उघड्या पाठीला भिंत लागली एवढंच. माझा हात रांजणातच थांबला. मी तांब्या अर्धा भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला. संपलं, म्हटलं. जाऊ दे कळी.

मामंजींनी तांब्यात पाहिलं. उठले, आणि तांब्या घेऊन माझ्याकडे आले. आत्याबाई शेजारी टँकरची चौकशी करायला गेल्या होत्या.

"भर," ते म्हणाले.

"मामंजी, तुमची आंघोळ..."

"कळी खाली वाकून राहिली हाय. चार दिसाचं काम हाय. भर."

ताम्हण रोज तेच रिकामं करत होते. कळी माझ्याआधी त्यांनीच पाहिली असणार. पाणी का वाढलं, कुणी वाढवलं, आपली बादली कशापायी गेली, सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि बायकोची बोलणी ते मुकाट खात होते. मला सुटायचं होतं, त्यांनी सुटू दिलं नाही. मी तांब्या भरला. त्या दिवशी माझ्या हातून तव्यावर भाकरी करपली.

फूल उमललं ते संध्याकाळी. परसातून वास आला तेव्हा मी कंदील पुसत होते. आत्याबाईच आधी बाहेर गेल्या. तिथूनच त्यांनी मला हाक मारली. "ये की, बघ तुझ्या काटकीला काय लागलंय." आवाज मऊ होता. मग शेजारणींना बोलावून त्या सांगू लागल्या, "आमच्याकडल्या पूजेचं पाणी हाय त्याला. लई निष्ठेनं करत्यात हे. म्हणून तर दुष्काळात फुललं." बायकांनी हात जोडले. तेवढ्यात मामंजी मोंढ्यातून आले, भुशानं माखलेले. बायका त्यांच्याही पाया पडायला वाकल्या. ते संकोचानं मागे सरले आणि न्हाणीच्या भिंतीला पाठ लागताच कळवळले.

सकाळी ते फूल मी खुडून दिलं. आईचं बोलणं आठवून, आधी तीर्थ बाजूला काढा आणि मगच फूल वाहा, एवढं सांगितलं. त्यांनी ते लिंगावर ठेवलं. फूल एवढं मोठं की लिंग, तळहात, मनगट, सगळं झाकून गेलं, आणि मामंजी चक्क हसले. त्यांनी हात वर केला तसा खांद्यावरचा पंचा मागे सरकला. पुरळ कोपरापर्यंत उतरलं होतं. मी इतके महिने ज्याची वाट पाहिली ते फूल समोर होतं आणि मला तो हातच दिसत होता.

पूजा आटोपून ते दुकानावर गेल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं. तांब्याचं सांगितलं, कळीसाठी केलं हेही सांगितलं. मामंजींना ठाऊक होतं हे सांगितलं नाही, त्यांच्यावर कशाला ढकलायचं? वाटलं, आरडाओरडा होईल, डबा उचलून फेकतील. त्या निवडत असलेली डाळ निवडत राहिल्या. सूप खाली ठेवल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून तांब्या मी भरीन."

एवढंच. झाडाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मामंजींना बादली मिळाली, माझ्या वाटणीची, आणि ते योग्यच होतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहीर भरली. डबा फुटायला आला म्हणून झाड जमिनीत लावलं, ते भिंतीच्या वर गेलं, एका वेळी मोजता येणार नाहीत इतकी फुलं लागायला लागली. गल्लीत, उदगीरला नणंदेकडे, कुठं कुठं त्याच्या काड्या गेल्या. दर वेळी मी वरच्या फाट्याचीच कापून दिली. पण पूजेचा तांब्या काही माझ्या हातात परत आला नाही. मामंजी एकदा म्हणाले, "पोरीनं भरला तर काय होतं?" आत्याबाईंनी ऐकूनही ऐकलं नाही. ते होते तोवर त्यांचा तांब्या मी पुन्हा भरला नाही.

ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आत्याबाईंचे गुडघे गेले. घरात तोवर नळ आला होता. एक दिवस सकाळी त्यांनी बाजेवरून हाक मारली. "माझ्या पूजेचा तांब्या भरून ठेव गं."

मी कपाटातून तोच काढला, रुखवतातला. विचारलं, "किती भरू?"

"तुला वाटंल तेवढा भर."

नळ सोडला. पाण्याला चांगला जोर होता. मी अर्ध्यावर नळ बंद केला आणि तांब्या त्यांच्या पाटाशी नेऊन ठेवला.